डॉक्टरांना विचारलेले दोन प्रश्न

जाहिरातीत आकडा दिसला की आपला विश्वास थोडा वाढतो. सोबत डॉक्टरचा पांढरा कोट दिसला तर आणखी वाढतो. अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. आमची सिगारेट घशाला कमी त्रास देते असे २०,६७९ डॉक्टर म्हणतात, अशी 'लकी स्ट्राइक'ची जाहिरात १९३० साली येत असे. 'सुमारे वीस हजार' न म्हणता थेट २०,६७९! नेमका आकडा वाचला की कोणीतरी काटेकोरपणे मोजले असणार, असे आपण धरून चालतो.

१९४६ साली आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने याच वाटेने मोठी मोहीम काढली. इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा 'कॅमल' ओढणारे डॉक्टर जास्त आहेत, असा तिचा दावा होता. आधार होता १,१३,५९७ डॉक्टरांच्या पाहणीचा. चित्रात प्रेमळ चेहऱ्याचा डॉक्टर असे; त्याला नाव मात्र नसे.

या पाहणीतला प्रश्न काय होता? डॉक्टर, आपण कोणती सिगारेट ओढता? सिगारेट आरोग्याला घातक आहे का, हे कोणी विचारलेच नव्हते. कंपनीनेही 'निर्धोक' असा शब्द वापरला नाही. 'डॉक्टर ओढतात, म्हणजे भीती नाही' हा निष्कर्ष वाचक स्वतःच काढत असे. शिवाय बऱ्याच डॉक्टरांना कॅमलची पाकिटे आधी फुकट वाटून मग हा प्रश्न विचारला गेला असावा, असे इतिहाससंशोधकांना पुढे आढळले.

आता दुसरा प्रश्न पाहू. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना १९५० मध्ये लंडनमधील रुग्णांच्या अभ्यासात धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दिसला होता. पण ही माणसे आधीच आजारी होती. त्यांच्या आठवणींवर विसंबावे लागत होते. म्हणून १९५१ साली त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रे पाठवली: आपण धूम्रपान करता का? किती? सोडले असल्यास कधी? सुमारे चाळीस हजार उत्तरे आली. धूम्रपान न करणाऱ्यांचीही उत्तरे त्यांत होती, त्यामुळे तुलना शक्य झाली. मग संशोधक मृत्यूच्या नोंदी तपासत राहिले.

अडीच वर्षांच्या आत, पस्तिशी ओलांडलेल्या पुरुष डॉक्टरांपैकी ३६ जण फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावले. ते सर्व धूम्रपान करणारे होते, आणि जितके धूम्रपान अधिक तितके मृत्यूचे प्रमाणही अधिक होते. हे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास, १९५३ साली, अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या नियतकालिकात सिगारेटच्या जाहिराती बंद करण्याचे ठरवले. तोवर त्या तिथेही छापल्या जात होत्या. ब्रिटनमधील अभ्यास पुढे पन्नास वर्षे चालला. धूम्रपान न सोडणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटते, असे २००४ साली स्पष्ट झाले.

कॅमलच्या पाहणीतील डॉक्टरांची संख्या या अभ्यासाच्या जवळजवळ तिप्पट होती. तरीही तिच्यातून आरोग्याविषयी काहीच कळत नव्हते. विद्यार्थ्यांना आज टूथपेस्टची किंवा पौष्टिक पेयाची जाहिरात आणायला सांगावी आणि विचारावे: प्रश्न कोणाला विचारला? नेमका काय विचारला? तुलना कोणाशी केली? आणि विचारण्यापूर्वी त्यांच्या हातात काय ठेवले होते?