काचेतला शेजारधर्म

माझ्या वर्गात गेल्या वर्षी दोन हजेरीपट होते. एक माझ्या टेबलावरचा, मुलांचा. दुसरा खिडकीजवळच्या चार फुटी काचपेटीला सुतळीने बांधलेला, माशांचा. हा दुसरा पट चौथीतल्या एका मुलीने आपण होऊन सुरू केला होता. पहिल्या पानावर तिच्या ठसठशीत अक्षरांत नोंद होती: निऑन टेट्रा १२, एंजल २, ऑस्कर १. एकूण १५. सर्व हजर.

ही मंडळी मी शहरातल्या एका दुकानातून आणली होती. "यांचे आपसात जमेल ना?" असे मी विचारलेही होते. दुकानदार हसून म्हणाला, "न जमायला काय झाले, गुरुजी? सगळे दक्षिण अमेरिकेचे. एकाच गावची मंडळी!" ऑस्कर तेव्हा माझ्या दोन बोटांएवढा होता आणि मोठा गरीब दिसत होता.

संक्रांत झाली आणि पटावर निऑन नऊ झाले. मग पाच. "बाकीचे कुठे गेले, गुरुजी?" मुलीने विचारले. "झाडांमागे लपले असतील," मी म्हणालो. मला खरे ठाऊक होते; पण मास्तराची चूक मास्तराच्या तोंडून लवकर निघत नाही. पुढे एके सकाळी तिने स्वतःच पाहिले. ऑस्करच्या ओठांतून एक तांबडे शेपूट बाहेर आले होते. ती रडली नाही. तिने निऑनपुढे शून्य लिहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "एकाच गावचे होते ना?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी माशांकडून इतिहासाकडे वळलो, आणि पोहोचलो थेट एका राजघराण्यातल्या लग्नात!

१८१७ साली ऑस्ट्रियाची राजकन्या लिओपोल्डिना पोर्तुगालच्या राजपुत्र पेद्रोशी संसार करण्यासाठी ब्राझीलला निघाली. ही नेपोलियनची मेहुणी. वऱ्हाडाबरोबर विद्वानांचीही एक मोहीम होती. तिच्यात बव्हेरियाचे स्पिक्स व मार्टिअस होते, आणि योहान नाटरर नावाचा व्हिएन्नाचा एक निसर्गसंग्राहक होता. स्पिक्स व मार्टिअस १८२० मध्ये परतले. स्पिक्स १८२६ मध्ये वारला आणि त्याचे मासे बाटल्यांतच राहिले. मार्टिअसने ते लुई आगासी या विशीतल्या तरुणाच्या हाती सोपवले. आगासीने तोवर ब्राझील पाहिलेही नव्हते. १८३१ साली त्याने आमच्या ऑस्करचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले, आणि या नदीच्या माशाला चक्क समुद्राचा मासा ठरवले! पत्ता चुकण्याची परंपरा अशी जुनी आहे. माझा दुकानदार तिचाच वारस.

नाटररची कथा मात्र मनाला चटका लावते. बाकीचे परतले, हा राहिला. अठरा वर्षे तो ब्राझीलच्या नद्या आणि रानांतून हिंडला. तिथेच त्याने लग्न केले. बारा हजारांवर पक्षी आणि शेकडो मासे त्याने व्हिएन्नाला रवाना केले. १८३६ मध्ये तो स्वतः परतला. त्याच्या माशांवरून हेकेल नावाच्या विद्वानाने १८४० मध्ये आपला ग्रंथ सिद्ध केला. थाळीसारखा वाटोळा डिस्कस आणि तिरप्या पट्ट्याचा फेस्टिवम हे दोघे शास्त्राच्या दप्तरात आले ते याच ग्रंथातून.

१८४३ मध्ये नाटरर वारला. पाच वर्षांनी, १८४८ च्या क्रांतीत, व्हिएन्नाच्या राजवाड्याला आग लागली आणि त्याच्या रोजनिश्या व टिपणे जळून गेली. मासे उरले, नावे उरली. पण त्यांना पाण्यातून काढणाऱ्याने अठरा वर्षे जे डोळ्यांनी पाहिले, त्याचा केवढा तरी भाग राख झाला. हे वाचले तेव्हा मला त्या मुलीचा प्रश्न पुन्हा ऐकू आला. नाव कळले म्हणजे शेजार कळतो असे नाही.

आणि ते 'गाव' तरी केवढे! एकट्या ॲमेझॉनचे खोरे आपल्या भारताच्या दुपटीहून मोठे. तिथे काळ्या चहासारखे, आंबूस, मऊ पाणी वाहणारी रिओ नेग्रो आहे, तशाच गढूळ नद्याही आहेत. १९३६ मध्ये नाव मिळालेला निऑन हा वरच्या ॲमेझॉनचा. त्याला चोवीस अंशांच्या आसपासचे पाणी मानवते. डिस्कसला अठ्ठावीस ते तीस अंश ऊब लागते. त्याला खरी सोबत कार्डिनल टेट्राची. तो निऑनसारखाच दिसतो. पण रिओ नेग्रोच्या पाण्यातला असल्याने ती ऊब सोसतो. त्याला नाव मिळाले १९५६ मध्ये. दिसायला सारखी माणसे एका पंक्तीला बसवता येत नाहीत, ती गत माशांचीही.

डिस्कस, एंजल, ऑस्कर हे सारे सिक्लिड कुळातले. हे कुळ संसारी. जागा धरणारे, अंडी राखणारे, पिलांसाठी भांडणारे. डिस्कसची पिले तर आईबापांच्या अंगावरचा स्राव खाऊन वाढतात. म्हणून यांची निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात असे मी आता सांगतो. पहिली, मासा आज केवढा आहे ते नव्हे, तर वाढून केवढा होईल ते. ऑस्कर फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. दुसरी, त्याला कसले आणि किती उबेचे पाणी लागते. तिसरी, तो पेटीत कोणत्या मजल्यावर राहतो.

याप्रमाणे मी नवे बिऱ्हाड मांडले. ऑस्कर मोठी टाकी असलेल्या एका गृहस्थांकडे गेला. तो नदीत सोडून देण्याचा सल्ला मिळाला होता, पण मी तो मानला नाही. १९५२ मध्ये आपल्याकडे आणलेला तिलापिया हाही सिक्लिडच, आणि तो किती जलाशयांत पसरून बसला आहे! आमच्या पेटीत आता वरच्या बाजूला चार एंजल आणि रानातही त्यांच्याच सोबतीला आढळणारे दोन फेस्टिवम आहेत. तळाशी फोडलेल्या करवंट्यांच्या आडोशाला इवलासा ॲपिस्टोग्रामा नर आणि त्याच्या दोन माद्या राहतात. वरचे वर, खालचे खाली.

मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. या कुळाचे एक घर कोकणातही आहे! आपल्या खाड्यांतला कालुंदर हा सिक्लिडच. १७९० मध्ये बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या वैद्याने त्याला सुरतेचे नाव दिले, ते अजून टिकून आहे. तोही जोडीने अंडी राखतो.

ती मुलगी आता पाचवीत गेली आहे. पण मधल्या सुटीत पट भरायला येते. परवा एंजलच्या जोडीने रुंद पानावर अंडी घातली आणि घरच्या इतर सर्वांना कोपऱ्यात पिटाळले. शेजारधर्म तेवढ्यापुरता संपला! मी घाईघाईने बाकीच्या दोन एंजलना दुसऱ्या पेटीत हलवले. तिने विचारले, "गुरुजी, हे आता भांडतील?"

"भांडतील," मी म्हणालो. या वेळी खरे तेच सांगितले.

तिने पट उघडला, गेलेल्या दोघांपुढे 'बदली' असे लिहिले, आणि नव्या ओळीत: अंडी, मोजता येत नाहीत. सर्व हजर.