रजेचे दिवस आणि वाटेचे दिवस

रणांगणावरून घरी बोलावलेल्या एका सैनिकाची कथा पवित्र शास्त्रात आहे. शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथातील अकराव्या अध्यायात दावीद राजा उरियाला वेढ्यातून यरुशलेमला बोलावून घेतो आणि घरी जाऊन विसावा घेण्यास सांगतो. राजाचा हेतू शुद्ध नव्हता, हे वाचकांस ठाऊक आहेच. पण उरिया घरी जात नाही. आपले सोबती उघड्या माळावर तंबूत असताना आपण घरच्या अंथरुणावर कसे निजावे, या विचाराने तो राजवाड्याच्या दारातच रात्र काढतो. परतताना त्याच्या हाती जे पत्र दिले जाते, त्यात त्याच्याच मृत्यूची तजवीज असते. आणि याच शास्त्रात, अनुवाद ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात, नवविवाहित पुरुषाला एक वर्षपर्यंत युद्धावर पाठवू नये, त्याने घरी राहून पत्नीला सुखी करावे, असा दंडक आहे. कायदा इतका कनवाळू आणि राजा इतका निर्दय! सैनिकाची रजा पुढेही या दोहोंच्या मध्येच कोठेतरी राहिली.

‘रजा’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला. त्याचा मूळ अर्थ सुट्टी असा नाही. राजीखुशी, संमती असा आहे. इंग्रजांनी आणलेला ‘फर्लो’ हा शब्द डच भाषेतला, आणि त्याचाही अर्थ परवानगी असाच. (आज महाराष्ट्रात हा शब्द कैद्यांच्या बातम्यांतच तेवढा वाचावयास मिळतो, ही त्या शब्दाची शोकांतिका.) म्हणजे विश्रांती ही देणाऱ्याच्या मर्जीची वस्तू, घेणाऱ्याच्या गरजेची नव्हे, हे या शब्दांतच मुरलेले आहे.

मराठी मुलखात मात्र एके काळी रजा देणारा धनी म्हणजे पाऊस होता. शिवछत्रपतींचे लष्कर पावसाळ्यात स्वदेशी छावणीस येई आणि दसऱ्याला मुलूखगिरीस बाहेर पडे, असे सभासदाने आपल्या बखरीत नोंदविले आहे. शेतकऱ्याचाच मुलगा शिपाई असलेल्या समाजात हा क्रम सोयीचा होता. पेरणीच्या दिवसांत फौज आपल्या मुलखात असे. पानिपतच्या मोहिमेने हा क्रम मोडला. मार्च 1760 मध्ये निघालेली फौज तो पावसाळा दिल्लीकडे काढून पुढे गेली आणि 14 जानेवारी 1761 रोजी तिचा नाश झाला. पराभवाची कारणे इतिहासकार पुष्कळ देतात. त्यांच्या यादीत मी एवढेच जोडीन की ती घर न पाहिलेल्या माणसांची फौज होती.

इंग्रजी अमदानीत रजेची गाठ आगबोटीशी पडली. नाशिकजवळच्या देवळालीला 1861 मध्ये लष्करी छावणी उभी राहिली. मायदेशी परतणारे गोरे सोजीर तेथे जहाजाची वाट पाहत. जहाजे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटत. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली, त्याला उन्हाळा आणि पावसाळा तेथेच कंठावा लागे. ना कवायत, ना लढाई, ना घर. कित्येकांची मने या रिकामपणाने ढासळली. त्या अवस्थेला सोजिरांनी नाव दिले ‘डूलाली टॅप’. ‘डूलाली’ म्हणजे आपली देवळाली, आणि ‘टॅप’ म्हणजे आपलाच ‘ताप’! वेडसर माणसाला ‘डूलाली’ म्हणण्याची रीत इंग्रजीत आजही आहे. विश्रांतीचे दिवस मोजून दिले आणि घरची वाट बंद ठेवली, तर विश्रांतीचाच आजार होतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

काळ्या शिपायाला तर वाट पाहण्याचीही सोय नव्हती. 1914 च्या शरद ऋतूत हिंदी पलटणी फ्रान्सला उतरल्या. खंदकातला इंग्रज सैनिक रजा मिळताच खाडी ओलांडून घरी जाऊ शके. हिंदी सैनिकाचे घर समुद्रापलीकडे हजारो मैल दूर. घायाळ झालेल्यांना ब्रायटनच्या राजवाड्यात थाटलेल्या इस्पितळात ठेवीत. पलंग उत्तम, औषधोपचार उत्तम. परंतु जखम भरली की पुन्हा खंदक. सरकारी तपासनिसांच्या नजरेखालून गेलेली त्या काळची पत्रे आज उपलब्ध आहेत, आणि त्यांतील मोठे दुःख हेच आहे: एकदा रक्त सांडले, आता तरी घरी पाठवा.

मराठा पलटणींचे भोग याहून कठीण होते. सहावी पुणे डिव्हिजन 1914 च्या अखेरीस बसऱ्याकडे गेली. तिच्यातील 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी टायग्रिस नदीकाठच्या कुत गावी वेढ्यात सापडल्या. 147 दिवसांनी, 29 एप्रिल 1916 रोजी, सुमारे 13,000 माणसांनी तेथे शस्त्रे ठेवली. पुढे वाळवंटातली पायपीट आणि तुर्कांची कैद. ज्यांनी ती सोसली, त्यांना घराचे दर्शन युद्ध संपल्यावरच.

अमेरिकनांनी या प्रश्नाचे यांत्रिक उत्तर काढले. व्हिएतनामच्या युद्धात वर्षभराच्या नेमणुकीत सैनिकाला एकदा पाचएक दिवस विमानाने बँकॉकला, हाँगकाँगला किंवा सिडनीला नेत. विवाहितांपैकी पुष्कळ जण होनोलुलू निवडीत, कारण पत्नी तेथे येऊन भेटू शके. प्रवासाचा हिशेब चोख होता. तरीही ही रजा घराबाहेरची. आपल्या जवानाला अशी रजा दिली तर तो ती घेईल, असे मला वाटत नाही. त्याला बहिणीचे लग्न उरकायचे असते, विहिरीचे काम पाहायचे असते.

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीकडचा एखादा जवान डोळ्यांसमोर आणावा. नियमाने त्याला वर्षाची 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा आहे. परंतु कंपनीतील सर्वांना एकदम सोडता येत नाही; म्हणून पाळ्या लागतात, आणि कापसाच्या पेरणीला, वेचणीला किंवा नाताळाला ती पाळी येईलच असे नाही. मंजुरी सैन्याच्या गरजेवर अवलंबून. हाती रजेचा दाखला आणि रेल्वेचे वॉरंट. परतायला विनाकारण उशीर झाला तर 1950 च्या सेना कायद्याच्या 39 व्या कलमाखाली तो गुन्हा. तातडीच्या रजेसाठी पूर्वी घरून तार जाई: आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. कधी आई खरेच अत्यवस्थ असे, कधी केवळ मुलासाठी आसुसलेली. अधिकाऱ्यांनाही ते कळत असावे. 2013 च्या जुलैमध्ये तारसेवाच बंद झाली.

आणि मग वाट. सीमेवरच्या ठाण्यावरून खाली, तेथून ताफ्याने जम्मू, जम्मूहून आगगाडीने नागपूर किंवा धामणगाव, पुढे एस.टी. मूर्तिजापूरहून यवतमाळला 113 किलोमीटरची अरुंद रूळगाडी होती. लोक तिला ‘शकुंतला’ म्हणत. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चाले, आणि तिची चाल अशी की घाई असलेल्याने तीत बसू नये. वाट पाहणाऱ्या स्त्रीचेच नाव त्या गाडीला मिळावे, हा योगायोगच. आता तीही धावत नाही. काश्मीरकडचा रस्ता बर्फाने अडला, तर परतीच्या जवानांना जम्मूलाच दिवस काढावे लागतात.

14 फेब्रुवारी 2019 रोजी तसेच झाले होते. महामार्ग काही दिवस बंद राहिल्याने जम्मूत केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांची गर्दी साचली होती. त्यांतील पुष्कळ जण रजा संपवून परतत होते. पहाटे 78 वाहनांचा ताफा सुमारे 2,500 जवानांना घेऊन श्रीनगरकडे निघाला. दुपारी पुलवामा जिल्ह्यात लेथपोऱ्याजवळ स्फोटकांनी भरलेली गाडी त्यावर आदळली आणि 40 जवान गेले. त्यांत दोघे आपल्या वऱ्हाडातले, बुलढाणा जिल्ह्यातील होते. घरच्या माणसांनी नुकताच निरोप दिलेला जवान वाटेतच गेला, असे देशातील कित्येक घरांत घडले. उरियाच्या कथेतही मरण परतीच्या वाटेनंतरच येते. फरक इतकाच की येथे पत्र लिहिणारा राजा नव्हता, शत्रू होता.

एका आठवड्याने, 21 फेब्रुवारीला, केंद्रीय गृहमंत्रालयाने आज्ञा काढली: निमलष्करी दलांच्या सर्व जवानांना दिल्ली–श्रीनगर आणि जम्मू–श्रीनगर या मार्गांवर, जाता-येता, विमानाने प्रवास करता येईल, रजेवर निघतानाही आणि रजेवरून परततानाही. शिपाई, हवालदार आणि सहायक उपनिरीक्षक या दर्जाच्या सुमारे 7,80,000 जणांना तोवर आपल्या पदाच्या बळावर हा हक्क नव्हता. त्याच वर्षी, या दलांतील जवानाला वर्षातून 100 दिवस कुटुंबासमवेत घालविता यावेत, असे उद्दिष्टही मंत्रालयाने जाहीर केले.

श्रीनगरहून दिल्ली आता तासा-दीड तासाची. नागपूरला उतरल्यावर यवतमाळ दीडशे किलोमीटर, आणि घाटंजी त्याच्याही पुढे. शेवटची एस.टी. चुकली तर रात्र स्थानकावर, ट्रंकेवर डोके टेकून.