मोटारीचा पाळणा

जयपूरच्या उत्तरेस आमेरच्या डोंगरावर जयगड उभा आहे. त्या गडावर 'जयबाण' नावाची प्रचंड तोफ आहे. १७२० मध्ये ती त्याच गडावरील ओतशाळेत ओतली गेली. तिचे वजन सुमारे पन्नास टन भरते. तिची लांबी आणि तिची चाके पाहून प्रवासी थक्क होतात आणि पुढे जातात. तोंड वरखाली करण्यासाठी तिला जे मळसूत्र बसविलेले आहे, त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. यंत्रविद्येच्या अभ्यासकाने थांबावे ते मात्र तेथेच. जड धातू माणसाच्या हाताने बोटभर उचलायचा, आणि हात काढून घेतल्यावरही तो तेथेच थांबला पाहिजे, अशी दुहेरी कामगिरी ते मळसूत्र बजावते. उचलणे ही एक विद्या आहे आणि उचललेले धरून ठेवणे ही निराळी विद्या आहे. मोटार उचलणाऱ्या यंत्राचा सारा इतिहास या दोन विद्यांची सांगड घालण्याचा इतिहास आहे.

जयगडाखालच्या मैदानात सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये जयपूर वसविले. विद्याधर भट्टाचार्य यांनी आखलेल्या त्या नगरीचे रस्ते रुंद आणि सरळ होते. हवेल्यांच्या दरवाजांची उंची हत्ती, रथ आणि पालखी यांच्या मापाने ठरत असे. घरात वाहन ठेवण्यासाठी एक स्वतंत्र खोली लागते, ही कल्पना तटाबाहेरच्या वस्त्यांबरोबर आली. शहराच्या पश्चिमेस, रेल्वे स्थानकापासून जवळच, बनी पार्क ही वस्ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकार घेऊ लागली. राजस्थानी बोलीत बनी म्हणजे लहानसे रान. मराठी माणसाला 'बन' या शब्दावरून त्याची ओळख सहज पटावी. या बनात बंगले उठले. पुढे बाग, मागे अंगण आणि एका बाजूस मोटारखाना असा त्यांचा थाट. त्यांपैकी कित्येक बंगल्यांची आता हॉटेले झाली आहेत आणि कित्येकांच्या जागी सदनिकांच्या इमारती आल्या आहेत. जे उरले, त्यांच्या मोटारखान्यांत आज एखाद्या हौशी मालकाला मोटार उचलणारी लिफ्ट बसवावीशी वाटते. जयपुरात जुन्या मोटारींची हौस मोठी. त्यांच्या फेऱ्या निघतात, प्रदर्शने भरतात, आणि जुनी मोटार म्हटली की तिच्या पोटाखाली वारंवार शिरणे आलेच.

हे पोटाखाली शिरणे मोटारीच्या जन्माइतकेच जुने आहे. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची एक मोठी चाचणी झाली. सुमारे ६२० मैलांचा प्रवास आणि सहा घाटांची चढण. 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाने प्रसिद्ध झालेली रोल्स-रॉइस तीत गाजली आणि पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांकडे गेली. कंपनीच्या लौकिकाची कथा म्हणून ही हकीगत नेहमी सांगितली जाते. परंतु त्या काळी घाटात मोटार अडली, तर सारथ्याजवळ साधन काय असे? पेटीतील हत्यारे, एक मळसूत्री जॅक आणि अंगाखाली घालायला गोणपाट, एवढेच! जॅकने एक चाक उचलायचे, बाकीच्या चाकांखाली दगड लावायचे आणि उताण्याने आत सरकायचे. मळसूत्र आपण होऊन उलटे फिरत नाही, म्हणून ते धरून ठेवण्यात भरवशाचे. तथापि त्याचा पाया तळहाताएवढा. जमीन भुसभुशीत असली किंवा गाडी जराशी सरकली, की जॅक कलंडतो. आजदेखील नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून माणसे दगावतात. त्यांना मारणारा दोष बहुधा उचलण्यातला नसतो, धरून ठेवण्यातला असतो.

मोटार वर नेता येत नसेल, तर माणसाने खाली जावे, असा दुसरा विचार निघाला. जमिनीत लांबट खड्डा खणायचा, त्याच्या दोन्ही काठांवर चाके ठेवून गाडी उभी करायची आणि मिस्त्रीने खड्ड्यात उभे राहून काम करायचे. 'गाडी पिटावर घ्या' हा आपल्याकडील गॅरेजांतला हुकूम कित्येक दशके कानावर पडत आला आहे. पीट बांधायला स्वस्त, आणि त्यावर गाडी कोसळण्याचे भय नाही. मात्र त्याचे भय वेगळ्या जातीचे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाशी साचते, आणि जेथे ती साचते नेमका तेथेच मिस्त्रीचा दिवा असतो. शिवाय रात्री झाकण न घातलेल्या खड्ड्यात पाय जाऊन पडणारेही थोडे नसतात.

यावर जो उपाय निघाला, त्याचे मूळ एका फ्रेंच तत्त्ववेत्त्याच्या चिंतनात आहे. ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात द्रवांच्या समतोलाचा जो नियम मांडला, त्याचा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. बंद भांड्यातील द्रवावर कोठेही दाब दिला, तर तो कमी न होता सगळीकडे सारखा पोहोचतो, असा तो नियम. एक चौरस सेंटीमीटरच्या दट्ट्यावर दहा किलोंचा भार दिला, तर त्याच द्रवाला भिडलेला शंभर चौरस सेंटीमीटरचा दट्ट्या हजार किलो पेलतो, म्हणजे एक लहानशी मोटारच! फुकट मात्र काही मिळत नाही. लहान दट्ट्या शंभर सेंटीमीटर खाली जावा, तेव्हा मोठा एक सेंटीमीटर वर येतो. पास्कालचा हा नियम सव्वाशेहून अधिक वर्षे पुस्तकातच राहिला असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. दट्ट्याच्या कडेने पाणी गळत असे, ते रोखण्याची युक्ती सापडत नव्हती. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने जलदाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले याने दट्ट्याभोवती चामड्याची अशी वाटी बसविली, की दाब जितका वाढावा तितकी ती अधिकच घट्ट बसावी. मोठमोठ्या सिद्धांतांचे भाग्य पुष्कळदा अशा चामड्याच्या तुकड्यावर अवलंबून असते.

मोटारीपर्यंत ही विद्या आली ती अमेरिकेत, आणि तीही न्हाव्याच्या खुर्चीवरून असे सांगतात. मेंफिस शहरातील पीटर लुनाटी याला, खाली पाय दाबताच गिऱ्हाइकासकट वर येणारी ती खुर्ची पाहून मोटारीची लिफ्ट सुचली. १९२५ च्या सुमारास त्याने ती बाजारात आणली. जमिनीत पुरलेल्या नळकांड्यातून दाबलेली हवा आणि तेल यांच्या जोरावर एकच जाड खांब वर येई आणि त्याच्या माथ्यावरील गाडी हवी तशी गोल फिरविता येई. या फिरण्यावरूनच त्याच्या कंपनीस 'रोटरी' हे नाव पडले. मिस्त्री प्रथमच ताठ उभा राहून गाडीच्या पोटाशी काम करू लागला. जमिनीच्या वर उभे राहणारे दोन खांबांचे आणि चार खांबांचे पाळणे पुष्कळ नंतर रूढ झाले. मुंबईच्या जुन्या माणसांच्या तोंडी लिफ्टला 'पाळणा' हा शब्द असे, तो या यंत्राला अधिकच शोभतो. दोन्ही बाजूंच्या बाहूंवर गाडी खरोखरच तान्ह्या मुलासारखी तोलून धरलेली असते.

एवढ्याने उचलण्याची विद्या पुरी झाली. धरून ठेवण्याची मात्र तेलाला साधत नाही. नळी फुटली, वाटी झिजली, की तेल निसटते आणि त्याबरोबर गाडी खाली येते. येथे वाट दाखविली ती इमारतींच्या लिफ्टने. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एलिशा ओटिस एका उंच चढविलेल्या पाटावर उभा राहिला आणि लोकांसमक्ष त्याने वरचा दोर कापवून घेतला. पाट थोडासा घसरला आणि बाजूच्या दात्यांत अडकून थांबला. मोटारीच्या लिफ्टमध्ये हाच अडसर निराळ्या रूपाने आला. खांबाच्या आत दातेरी पट्टी असते, गाडी वर जाताना पोलादी खिट्टी एकेक दात्यात 'टक् टक्' असा आवाज करीत पडत जाते. जाणता मिस्त्री गाडी हव्या त्या उंचीवर नेऊन थांबत नाही. तो ती पुन्हा किंचित खाली सोडतो आणि तिचा भार तेलावरून खिट्टीवर उतरवितो, मगच खाली शिरतो. अमेरिकेत या यंत्रांच्या कारखानदारांनी १९४५ मध्ये आपली संस्था स्थापन केली, तीही मुख्यत्वे सुरक्षिततेचे नियम घालून देण्यासाठीच.

दुरुस्तीसाठी उचलणे एक, आणि जागा वाचविण्यासाठी उचलणे दुसरे. या दुसऱ्या कामाचा इतिहास आश्चर्य वाटेल इतका जुना आहे. लंडनमध्ये पिकॅडिलीनजीक १९०१ मध्येच शंभर वाहनांचे सात मजली मोटारगृह उघडले होते आणि त्यात गाड्या वर नेण्यास विजेचा पाळणा होता. पॅरिसमध्ये ऑग्युस्त पेरे या वास्तुशिल्पज्ञाने १९०७ च्या सुमारास पाँतिए मार्गावर काँक्रीटचे असेच मोटारगृह बांधले. मुंबईत भुलाभाई देसाई मार्गावर २४० मोटारींचा यांत्रिक मनोरा उभा राहिला तो २०२१ मध्ये. आपल्याकडे एवढा काळ का लागला, याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. मोटारी थोड्या होत्या आणि मजुरी स्वस्त होती. वालचंद हिराचंद यांचा प्रीमियर कारखाना १९४४ मध्ये स्थापन झाला आणि कुर्ल्याहून मोटारी बाहेर पडू लागल्या, तरी पुढील कित्येक दशके त्यांची देखभाल पिटावर आणि जॅकवरच चालली. मिस्त्रीच्या पाठीचा विचार हिशेबात धरण्याची रीत नव्हती.

आता पुन्हा बनी पार्कच्या मोटारखान्याकडे वळले पाहिजे. जुन्या बंगल्याच्या खोलीची उंची ऐसपैस असते, ही जमेची बाजू. दीड मीटर उंचीच्या दोन गाड्या एकीवर एक ठेवायच्या, तर मधला पाट आणि थोडी मोकळीक धरून साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट, उंची लागते. नव्या इमारतींच्या खांबांवरील वाहनतळात ती सहसा मिळत नाही. उलट नव्या इमारतीत काँक्रीटची जमीन असते, आणि जुन्या मोटारखान्यात नेमकी तीच नसते. राजस्थान हा दगडाचा मुलूख. छतालाही दगडाच्या पट्ट्या आणि जमिनीलाही दगडी फरशी. खाली भरावाची माती आणि मध्ये चुन्याचा थर. उभ्या गाडीचा भार अशी जमीन शंभर वर्षे सोशील. पण दोन खांबांच्या पाळण्याखाली नुसता भार पडत नाही. खांबापासून पुढे निघालेल्या बाहूंवर दोन टनांची गाडी असते. ती खांबाला आतल्या बाजूस ओणवते आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट जमिनीतून उपटू पाहते. दगडी फरशीत ठोकलेला बोल्ट ही ओढ सहन करणार नाही. फरशी फुटेल किंवा चुना सोडून सबंध उचलली जाईल.

म्हणून जाणकार कंत्राटदार पहिल्याने फरशी काढतो, माती ठोकून घट्ट करतो आणि सळ्या घालून नवे काँक्रीट ओततो. निर्माते साधारणपणे चार इंचांहून अधिक जाडीचे चांगले काँक्रीट सांगतात. जुन्या भरावावर त्याहून जाड घालणे शहाणपणाचे. काँक्रीटला पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस द्यावे लागतात, आणि जयपूरच्या उन्हाळ्यात ते सतत ओले ठेवणे हेच एक व्रत होऊन बसते. घाईने आठव्या दिवशी छिद्रे पाडणारा मालक आपल्याच डोक्यावर दोन टनांची पैज लावत असतो. रुंदीचाही प्रश्न असतोच. दोन खांबांच्या पाळण्याला सुमारे अकरा फूट लागतात. एका गाडीपुरत्या बांधलेल्या दहा फुटी खोलीत तो मावत नाही. तेथे चार खांबांचा अरुंद पाळणा किंवा जमिनीलगत मिटणारी कात्रीच्या आकाराची लिफ्ट पाहावी लागते. भार चार पायांवर वाटला गेल्याने जमिनीवरची ओढही तीत कमी होते.

एका बाबतीत मात्र घर आणि कारखाना यांत मोठे अंतर आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने भार उचलणाऱ्या यंत्रांची बारा महिन्यांतून एकदा तरी जाणकाराकडून तपासणी व्हावी असे बंधन घातले. पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असतील तेव्हाच लागू होई. घरातला मोटारखाना त्याच्या कक्षेबाहेर राहिला. तेथे निरीक्षक येत नाही, नोंदवही नसते, आणि मालकाच्या गाडीखाली बहुधा मालक नसतो, रोजावर बोलावलेला मिस्त्री असतो. बोल्ट ढिले झाले आहेत का, दोन खांबांना जोडणारी पोलादी दोरी समताण आहे का, तिचे तंतू तुटलेले नाहीत ना, हे पाहण्याची जबाबदारी ज्याने हौसेने यंत्र आणले त्याच्यावरच येते.

वीज गेली तर काय, हा प्रश्न जयपुरातही विचारला जातो. गाडी खिट्टीवर विसावलेली असेल, तर ती खाली पडत नाही. ती खाली आणताही येत नाही! खिट्टी सोडविण्यासाठी गाडी आधी बोटभर वर उचलावी लागते आणि त्याला पंप चालावा लागतो. म्हणून काही निर्माते हातपंपाची सोय देतात, आणि ती आहे की नाही हे खरेदीच्या वेळीच विचारलेले बरे. यंत्र उभे राहिल्यावर पहिली चाचणी अशी घेतात. गाडी फूटभर वर नेतात, दोन्ही टोकांकडून हातांनी हलवून बाहूंवर ती नीट बसली आहे का ते पाहतात, मग पूर्ण उंचीवर नेऊन खिट्टीवर सोडतात आणि काही वेळ तशीच राहू देतात. तेवढा वेळ तिच्याखाली कोणी जात नाही. त्यानंतर ती उतरवून प्रत्येक बोल्ट पुन्हा एकदा पान्ह्याने आवळला जातो.