पंक्तीत उशिरा आलेली विद्या

फराळाची चकली फोडताना दाढ ठणकली, की मला अमेरिकेतले हार्वर्ड आठवते! दात उपटणे हे तिकडेही एके काळी न्हाव्या-लोहारांचे काम. १८४० मध्ये बाल्टिमोरला दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले. पण तिथल्या विद्यापीठांपैकी या विद्येला आपल्या पंक्तीला प्रथम बसवले हार्वर्डने, १८६७ मध्ये. १८६९ मध्ये पहिले सहाजण पदवीधर झाले. त्यांत होता रॉबर्ट टॅनर फ्रीमन, गुलामगिरी भोगलेल्या आईबापांचा मुलगा. इतरत्र वर्णामुळे नाकारलेला हा तरुण अमेरिकेतला पहिला कृष्णवर्णीय पदवीधर दंतवैद्य ठरला. १८७३ मध्ये, ऐन तारुण्यात, तो वारला. वर्गात हजेरी घेताना मला वाटते, पंक्तीबाहेर उभे राहिलेल्या विद्येलाच दाराबाहेरचा विद्यार्थी दिसला असावा.