टाटा एअर मेल

टाटा सन्स या मुंबईच्या उद्योगसंस्थेचा हवाई वाहतूक विभाग (स्थापना १९३२). पुढच्या टाटा एअरलाइन्स आणि एअर इंडिया या कंपन्यांचे मूळ रूप. कागदोपत्री नाव टाटा एव्हिएशन सर्व्हिस. एअर इंडिया म्हटले की आज प्रवासी विमान डोळ्यांपुढे येते. पण तिचा आरंभ टपालाच्या थैल्या वाहणारी संस्था म्हणून झाला. मोबदला मिळे तो टपालाच्या वजनावर. प्रवासी मिळाला तर वरकड कमाई, आणि तोही जागा असेल तिथे, बहुधा थैल्यांच्या सोबतीने बसे.

पूर्वपीठिका : विमानाने टपाल नेण्याचा भारतातील पहिला प्रयोग १८ फेब्रुवारी १९११ रोजी झाला. आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. ती प्रदर्शनातली हौस होती. खरी गरज निर्माण झाली १९२९ मध्ये. त्या वर्षी ३० मार्चला लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघालेले इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीचे टपाल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कराचीला पोहोचले आणि साप्ताहिक सेवा सुरू झाली. मात्र कराचीला उतरलेल्या पत्राला मुंबई किंवा मद्रास गाठायला पुन्हा रेल्वेच धरावी लागे. आकाशात वाचवलेला वेळ जमिनीवर खर्ची पडत होता, आणि टाटांच्या कंपनीला जागा मिळाली ती नेमकी इथे.

स्थापना : योजना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडल्यावर तो भारतभर फिरून लोकांना पैसे घेऊन विमानातून फेरी मारून आणण्याचा धंदा करत होता. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला होता. योजना त्यांना लगेच पटली. टाटा सन्सचे प्रमुख सर दोराबजी टाटांना मात्र या व्यवसायात फारसा रस नव्हता. जे. आर. डी. ज्यांच्या हाताखाली उमेदवारी करत, त्या जॉन पीटरसन यांनी दोराबजींचे मन वळवले आणि सुमारे २ लाख रुपये गुंतवण्यास होकार मिळाला. पहिले विमान उडण्याआधीच, जून १९३२ मध्ये, दोराबजींचे निधन झाले.

सरकारशी वाटाघाटी रेंगाळल्या. टाटांनी आरंभी अनुदान मागितले. जागतिक मंदीच्या दिवसांत सरकारने ते नाकारले. शेवटी अनुदानाचा आग्रह सोडून, जितके टपाल उचलू तितक्याचाच मोबदला, अशा अटीवर टाटा तयार झाले आणि २४ एप्रिल १९३२ रोजी दहा वर्षांचा करार झाला. हा सौदा वरवर पाहता सरकारच्या फायद्याचा होता; पण टपाल वाढेल तशी कमाई वाढणार, ही त्यातली दुसरी बाजू टाटांनी अचूक ओळखली असे पुढच्या हिशेबांवरून म्हणता येते.

पहिली खेप : आरंभ १५ सप्टेंबरला ठरला होता, पण पावसाळ्यात जुहूचा तळ वापरता येईना, म्हणून तो महिनाभर पुढे गेला. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जे. आर. डी. स्वतः कराचीच्या ड्रिघ रोड तळावरून एक इंजिनाचे पस मॉथ विमान घेऊन निघाले. बरोबर २५ किलोच्या आसपास टपाल. अहमदाबादला इंधन भरले ते बर्मा शेलने बैलगाडीतून आणलेल्या डब्यांमधून. दुपारी दोनच्या सुमारास विमान जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंटने थैल्या पुढे नेल्या, बेळ्ळारीला रात्रीचा मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. वाटेत दिशा दाखवणारी कसलीही साधने नव्हती.

कामकाज : संसार अगदीच लहान होता. दोन विमाने, तीन वैमानिक (जे. आर. डी., व्हिन्सेंट आणि होमी भरुचा), तीन मेकॅनिक आणि झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतचे खाजण. पावसाळ्यात ते पाण्याखाली गेले की सगळे बिऱ्हाड पुण्याला हलवत आणि येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानावरून विमाने उडवत. पावसाळी ढगांत लहान विमानाने सह्याद्री ओलांडणे हा या मार्गावरचा सर्वांत अवघड भाग.

तरीही पहिल्या वर्षी एकही टपाल चुकले नाही की उशिरा पोहोचले नाही. नागरी विमान वाहतूक खात्याच्या अहवालाने हवाई टपाल कसे चालवावे याचा नमुना म्हणून या सेवेचा उल्लेख केला. त्या वर्षी विमाने १,६०,००० मैल उडाली. पावणेदहा टनांच्या आसपास टपाल आणि फक्त १५५ प्रवासी वाहिले गेले. नफा ६०,००० रुपये. प्रवाशांचा आकडा पाहिला की नफा कशावर झाला हे वेगळे सांगायला नको.

वऱ्हाड आणि हवाई टपाल : या मार्गावर वऱ्हाडात थांबा नव्हता. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही बुलढाणा जिल्ह्यातली स्थानके मुंबई–नागपूर लोहमार्गावर आहेत, आणि खामगावच्या कापूस बाजाराला १८७० पासून जलंबहून फाटा होता. खामगावच्या व्यापाऱ्याला विलायतेचे पत्र जुहूच्या विमानाने धाडायचे, तर ते आधी रेल्वेने मुंबईला पाठवणे भाग होते.

विस्तार : १९३५ मध्ये मुंबई–त्रिवेंद्रम आणि १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेरमार्गे मुंबई–दिल्ली सेवा सुरू झाली. १९३८ मध्ये भारताला लागू झालेल्या एम्पायर एअर मेल योजनेने साम्राज्यांतर्गत पत्रे जादा आकाराविना विमानाने जाऊ लागली. टपालाचा भार एकदम वाढला, मोठी विमाने घ्यावी लागली. त्याच वर्षी टाटा एअरलाइन्स हे नाव आले. महायुद्धाने ही घडी विस्कटली. व्हिन्सेंट १९४२ मध्ये हवाई दलाच्या विमानातून जात असताना बेपत्ता झाला. कंपनीच्या इतिहासात त्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. २९ जुलै १९४६ रोजी टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया ही सार्वजनिक मर्यादित कंपनी झाली.

नागपूरची रात्रसेवा : १९४९ मध्ये दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि सकाळपर्यंत आपापल्या शहरी परतत.  १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे, जिथे विमानाने वेळ वाचेल तिथे, जादा आकाराविना विमानाने जाऊ लागली.

टपालावर वाढलेल्या टाटांनी या रात्रसेवेला विरोध केला, हे वाचून नवल वाटते. रात्री सुरक्षित उतरण्याची साधने तळांवर नाहीत, हा जे. आर. डीं.चा आक्षेप होता, आणि तो निराधार म्हणता येत नाही. काम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने सुरू केले. ते थांबल्यावर हिमालयन एव्हिएशन या कंपनीने ते हाती घेतले. १ ऑगस्ट १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात हिमालयन आणि एअर इंडियाचे देशांतर्गत मार्ग, दोन्ही इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाले आणि रात्रीच्या थैल्याही तिच्याकडे आल्या.