मुलांच्या दंडावरून आलेली लस



देवीच्या रोगाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे आरंभ एडवर्ड जेन्नरपासून व्हावयाचा, असा आतां प्रघातच पडला आहे. १४ मे १७९६ रोजीं जेन्नरनें एका गौळणीच्या हातावरील गोदेवीची लस जेम्स फिप्स नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडांत घातली. आणि दोनशें वर्षें भरण्यापूर्वींच, ८ मे १९८० रोजीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेनें हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर केलें. कथा इतकी सुटसुटीत आहे कीं तिचीं मधलीं पानें सहसा कोणी उलगडीत नाहीं. आज मला तींच आपल्यापुढें ठेवावयाचीं आहेत. कारण जेन्नरचा शोध देशोदेशीं नेण्याचें काम वैद्यांच्या पेट्यांनीं केलें नाहीं. तें लहान मुलांच्या दंडांनीं केलें, आणि त्या मुलांजवळ रात्रंदिवस बसणाऱ्या माणसांनीं केलें.

‘लस’ हा शब्द आज आपण शिशींतील औषधाला लावतों. परंतु जखमेंतून किंवा फोडांतून पाझरणारें पाणी हा त्याचा जुना अर्थ मराठींत अजून जिवंत आहे, आणि त्या काळची लस अक्षरशः तशीच होती. टोचल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं मुलाच्या दंडावर लालसर पुळी दिसे. पांचव्या-सहाव्या दिवशीं तींत पाणी धरे. आठव्या दिवसाच्या सुमारास फोड मोत्यासारखा भरून येई, मध्यें किंचित् खोलगट राही. हीच लस घेण्याची वेळ. नस्तराच्या टोंकानें फोडाला हलकेच छेद द्यावयाचा, आणि आंतील निर्मळ पाणी दुसऱ्या मुलाच्या दंडांत घालावयाचें. आणखी दोन-चार दिवस गेले कीं तें पाणी गढूळ होई, मग खपली धरे, आणि त्या मुलापुरता सारा खेळ आटोपे. ज्याला एकदां देवी उठली त्याचा लस वाहण्यास पुन्हां उपयोग नाहीं. म्हणजे दर आठ-दहा दिवसांनीं नवें मूल पाहिजे, आणि तेंही पूर्वीं देवी न आलेलें व न टोचलेलें. दोऱ्यावर वाळवलेली अथवा कांचांमध्यें मेणानें बंद केलेली लस युरोपांत गांवोगांव चाले; पण लांबच्या समुद्रप्रवासांत आणि उष्ण हवेंत ती निर्जीव होऊन जाई.

इंग्लंडहून आपल्याकडे पाठविलेली लस याच कारणानें पुन्हां पुन्हां फुकट गेली. अखेर ती आली ती खुष्कीच्या वाटेनें. व्हिएन्नाच्या ज्यां द कारो या डॉक्टरनें ती बगदादेस पोंचती केली. बगदादहून बसरा आणि बसऱ्याहून जहाजानें मुंबई, असा तिचा प्रवास झाला. १४ जून १८०२ रोजीं डॉ. हेलेनस स्कॉट यांच्या देखरेखीखालीं मुंबईंत ती अनेकांना टोचण्यांत आली. त्या सर्वांत एकाच दंडावर खरी देवी उठली. तो दंड होता ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीचा. पुढल्या आठवड्यांत तिच्या दंडावरून पांच मुलांना टोचलें, त्यांच्यावरून आणखी कित्येकांना. आणि मुंबईहून निघालेली ही साखळी दक्षिणेंत पसरत त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्याला जाऊन भिडली. ॲना स्वभावानें फार शांत होती, अशी नोंद त्या वेळच्या लिखाणांत आढळते. इतिहास वाचणाऱ्याला ती किरकोळ वाटेल. पण तीन वर्षांच्या मुलाच्या अंगावर खाज सुटलेला फोड आहे, आणि त्याला आठ दिवस नख लागूं द्यावयाचें नाहीं, हें काम ज्या आईनें किंवा आजीनें कधीं केलें असेल, तिला ती नोंद किरकोळ वाटणार नाहीं.

जमिनीवर हें इतकें कठीण, तर समुद्रावर तें कसें साधावें? या प्रश्नाचें उत्तर स्पेननें पुढच्याच वर्षीं काढलें, आणि तें जितकें धाडसी तितकेंच मनाला बोचणारें आहे. अमेरिकेंतील स्पॅनिश मुलुखांत देवीनें हाहाकार मांडला होता. राजाज्ञेवरून फ्रान्सिस्को हाविएर दे बाल्मिस या शस्त्रवैद्याच्या नेतृत्वाखालीं ३० नोव्हेंबर १८०३ रोजीं ला कोरुन्या बंदरांतून ‘मारिया पिता’ हें जहाज निघालें. त्यावर २२ अनाथ मुलगे होते. वयें तीनपासून नऊ वर्षांपर्यंत. दोघांना टोचावयाचें, नऊ-दहा दिवसांनीं त्यांच्यावरून पुढच्या दोघांना, अशी ती जिवंत मालिका अटलांटिक ओलांडणार होती. दोघे अशासाठीं कीं एकाची देवी फुकट गेली तरी दुसऱ्याची राहावी.

त्या मुलांबरोबर एक बाई होती. तिचें नांव इसाबेल सेंदाल. ती ला कोरुन्याच्या अनाथालयाची व्यवस्थापिका. त्या मुलांत तिचा स्वतःचा मुलगा बेनितो हाही होता. तिचें आडनांव निरनिराळ्या कागदांत निरनिराळ्या तऱ्हेनें लिहिलेलें सांपडतें. कारकुनांना बाल्मिसचें नांव लिहितांना अशी अडचण पडली नाहीं.

तिच्या कामाचा थोडा विचार करा. जहाज हेलकावत आहे, मुलांना समुद्र लागला आहे, एखाद्याचें अंग कढत आहे. हा ताप टोचल्याचा, कीं दुसऱ्या कसल्या आजाराचा? काखेंतील गांठ दुखते ती देवी चांगली उठत आहे म्हणून, कीं फोड चिघळला म्हणून? फोड खरा आहे कीं खोटा? कारण नुसती जखम पिकली तरी अजाणाला ती देवीच वाटते, आणि तसल्या पुवानें टोचलें तर मालिका तिथेंच खुंटते. शिवाय टोचलेल्या मुलाला न टोचलेल्यांपासून दूर ठेवावयाचें. मुलें झोंपेंत एकमेकांच्या अंगावर पडलीं, फोड घासला, आणि दुसऱ्याला नकळत लागण झाली, तर पुढल्या आठवड्यासाठीं राखलेलें मूल आजच खर्ची पडलें. या साऱ्याला नस्तर लागत नाहीं. जागरण लागतें, आणि जाणता डोळा लागतो. रुग्ण बालकांच्या शुश्रूषेचें शास्त्र म्हणून जें पुढें शिकविलें जाऊं लागलें, त्याचा बराचसा भाग मला या जहाजावर दिसतो.

धोका काल्पनिक नव्हता. मार्च १८०४ मध्यें मोहीम व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यास लागली तेव्हां ताजी देवी असलेला एकच मुलगा उरला होता. एका मुलाच्या एका दंडावर सारें येऊन ठेपलें होतें! पुढें मेक्सिकोहून फिलिपाइन्सला जातांना २६ मेक्सिकन मुलें घेतलीं. फेब्रुवारी १८०५ मध्यें तीं अकापुल्कोहून निघालीं. त्या जहाजावर मुलांना घाणेरड्या जागीं जमिनीवर निजविलें जाई, आणि जहाज डोललें कीं तीं एकमेकांवर आपटत. त्यामुळें कित्येकांना अवेळीं लागण झाली व मालिका तुटतां तुटतां वांचली. एप्रिलमध्यें मनिला आलें. या दिवसांविषयीं बाल्मिसनें सरकारला लिहितांना इसाबेलची मोकळेपणें स्तुति केली आहे: रात्रंदिवस मातेच्या मायेनें मुलांचें केलें, आणि त्यांत स्वतःची प्रकृति पार खालावून घेतली, असा तिचा आशय आहे. ती स्पेनला परतली नाहीं. १८०९ मध्यें मेक्सिकोस येऊन मुलासह पुएब्ला शहरीं राहिली. डिसेंबर २०२० मध्यें, कोविडच्या सांथींत, माद्रिद येथें उघडलेल्या मोठ्या रुग्णालयाला तिचें नांव देण्यांत आलें.

आणि तीं मुलें? राजानें त्यांच्या पालनपोषणाचें व शिक्षणाचें वचन दिलें होतें. पण मेक्सिकोंत त्यांना प्रथम ज्या आश्रमांत टाकलें तेथील व्यवस्थेविषयीं खुद्द बाल्मिसलाच तक्रार करावी लागली. त्यांना कोणी विचारलें नव्हतें. विचारावयास आईबापच नव्हते, आणि म्हणूनच तीं निवडलीं गेलीं. लाखों जीव वांचले हें खरें. तरी हें दुसरें खोटें होत नाहीं.

संमतीचा हा प्रश्न आपल्याकडेही वेगळ्या रूपानें आला. आपल्या मुलाला टोचून घेण्यास तयार असलेली आई, आठव्या दिवशीं त्याच्या दंडावरून दुसऱ्यासाठीं लस काढूं देण्यास मात्र नकार देई. अधिकारी अशा आयांना अडाणी ठरवून मोकळे होत. परंतु १८६१ सालीं इटलींतील रिवाल्ता गांवीं एका मुलाच्या दंडावरून चाललेल्या टोचणींत चाळीसहून अधिक मुलांना उपदंशाची बाधा झाली, आणि दंडावरून दंडावर देण्याच्या पद्धतींतील भय साऱ्या युरोपला दिसलें. आईचें मन नकार देत होतें तें अगदींच निराधार नव्हतें. नेपल्समध्यें वासराच्या अंगावर लस वाढविण्याची रीत आधींपासून होती; १८६४ नंतर ती फ्रान्समार्गें इतरत्र पसरली. मुंबई शहरांत १८७७ च्या कायद्यानें मुलांना देवी टोचणें सक्तीचें झालें. वासराची लस सर्वत्र रूढ झाल्यावर मुलांच्या दंडांवरील हें ओझें उतरलें. पुढें विसाव्या शतकाच्या मध्यास लस गोठवून वाळविण्याची युक्ति साधली, आणि उन्हाचें भयही गेलें. १९८० पूर्वीं जन्मलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर जे गोल वण दिसतात, ते या साऱ्या वाटचालीच्या शेवटच्या मजलेवरचे.

पाळत ठेवण्याचें काम मात्र अखेरपर्यंत सुटलें नाहीं. भारतांतील शेवटची स्थानिक लागण मे १९७५ मधली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत बांगला देशांतील भोला बेटावर रहिमा बानू या तीन वर्षांच्या मुलीला देवी आल्या. उग्र प्रकारच्या देवीची जगांतील ती शेवटची नैसर्गिक रोगी. तिच्या घरावर अहोरात्र पहारा बसला, आणि आसपासच्या सर्वांना टोचून काढण्यांत आलें. रहिमा बरी झाली. तिच्या अंगावरचे फोड ओळखून अधिकाऱ्यांना वर्दी दिली ती त्याच भागांतील आठ वर्षांच्या एका मुलीनें. आणि जाहीर केलेलें २५० टक्यांचें बक्षीस तिला मिळालें.