चढाचा टक्का हाही पुरावा असतो: उत्तर पेनाइन्सचे सायकलचे रस्ते आणि शिशाच्या खाणी

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की पहिला अडथळा येतो तो साधनांचा. विषय इतिहासाचा असेल तर आपण लगेच दप्तरखाना, गॅझेटियर, जुनी वर्तमानपत्रं अशी यादी करतो. यादी बरोबरच असते, पण अपुरी असते. या पोस्टमध्ये मी एका वेगळ्या साधनाबद्दल सांगणार आहे: रस्त्याचा चढ. मी एम.एस्सी. करून इतिहासाकडे वळलेला माणूस आहे, त्यामुळे मोजता येईल अशा गोष्टीचा मोह मला जरा जास्तच. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण हे साधन कुठे फसवतं तेही सांगणार आहे.

उदाहरण इंग्लंडचं घेतोय. कारण एवढंच, की तिथे एकाच सायकलमार्गावर वेगवेगळ्या काळांचे चढ ओळीने भेटतात.

मार्ग कुठला?

उत्तर इंग्लंडमध्ये पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ‘सी टू सी’ नावाचा सायकलमार्ग आहे. सस्ट्रान्स या संस्थेने तो १९९४ साली सुरू केला. लांबी साधारण २२५ किलोमीटर. त्याचा सगळ्यात दमवणारा भाग म्हणजे उत्तर पेनाइन्सचे डोंगर. आधी हार्टसाइडचा माथा (५८० मीटर), मग नेंटहेड गाव, त्यानंतर ब्लॅक हिल (६०९ मीटर), पुढे अ‍ॅलनहेड्स, रूकहोप आणि स्टॅनहोप. आपल्या सह्याद्रीच्या मानाने उंची फार नाही. पण चढ-उतार-चढ असं चालूच राहतं आणि वारा समोरून असेल तर बघायलाच नको.

आज तिथे काय दिसतं? ओसाड माळ, मेंढ्या, दगडी कुंपणं. पर्यटक म्हणतात, ‘काय निसर्ग आहे!’ पण १८व्या आणि १९व्या शतकात हा ब्रिटनमधल्या शिशाच्या मोठ्या खाणपट्ट्यांपैकी एक होता. डोंगरउतारावर जे खोल ओरखडे दिसतात त्यातले बरेचसे माणसाने केलेले आहेत. वर पाणी अडवायचं, ते एकदम सोडायचं, माती वाहून गेली की खालची शिशाची शिर उघडी पडते, अशी ती पद्धत होती.

चढ आणि शिसं, दोघांचं मूळ खालीच

१९५० च्या दशकात इथे गुरुत्वाकर्षणाची मोजणी झाली तेव्हा आकडे अपेक्षेपेक्षा कमी आले. म्हणजे खाली कमी घनतेचा खडक असणार, बहुधा ग्रॅनाइट. हा अंदाज तपासायला १९६०-६१ मध्ये रूकहोपला भोक पाडलं आणि साधारण ३९० मीटरवर ग्रॅनाइट लागला. पण गंमत पुढे आहे. त्या ग्रॅनाइटचा वरचा भाग झिजलेला निघाला, म्हणजे तो वरच्या चुनखडीच्या थरांपेक्षा जुना होता. वरच्या थरांत घुसून त्याने शिसं आणलं, ही सोपी गोष्ट त्यामुळे टिकली नाही. अंदाज खरा ठरला आणि त्याच भोकातून नवा प्रश्न निघाला. चांगलं संशोधन असंच असतं.

आज समजतं ते असं: हा हलका ग्रॅनाइट त्या भूभागाला उचलून धरतो, आणि शिशाच्या शिरा कुठे तयार झाल्या यातही त्याचा वाटा आहे. थोडक्यात, सायकलवाल्याला जो डोंगर छळतो आणि कंपनीला ज्याने पैसा दिला, ते एकाच खडकाचं देणं.

आता थोडं गणित

माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा. ५ टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की ५ मीटर वर. या चढावर ताशी १० किलोमीटरने जायला फक्त वजन उचलण्यासाठी साधारण ११० वॉट लागतात. सराव असलेल्या माणसाला हे जमतं. तेवढ्याच ताकदीत २० टक्के चढ घेतला तर वेग ताशी अडीच किलोमीटरवर येतो. एवढ्या कमी वेगात सायकलचा तोल राहत नाही, उतरून ढकलावी लागते.

म्हणजे प्रत्येक वाहतुकीला तिला झेपणारा असा एक चढ असतो. हे उलटं वाचा. चढ मोजला की तो रस्ता कुणासाठी आखला असेल याचा अंदाज बांधता येतो.

पहिला चढ: तट्टूचा. गाडीरस्ते नव्हते तेव्हा इथलं शिसं तट्टूंच्या तांड्यावरून जायचं. एका तट्टूच्या पाठीवर साधारण १०० किलो. पाठीवर ओझं असलेल्या जनावराला वळणावळणाचा सौम्य रस्ता लागत नाही, त्याला जवळची वाट परवडते. नाणेघाट चढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गॅरिगिलकडून नेंटहेडकडे जाणारा अरुंद, उभा रस्ता याच जातीचा वाटतो. ‘वाटतो’ हा शब्द मी मुद्दाम वापरलाय, त्याकडे परत येऊ.

दुसरा चढ: गाडीचा. अ‍ॅल्स्टन परिसरातली जमीन आणि खनिजहक्क डर्वेंटवॉटरच्या अर्लकडे होते. १७१५ च्या बंडात भाग घेतल्याबद्दल १७१६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला, जहागीर जप्त झाली आणि १७३५ मध्ये तिचं उत्पन्न खलाशांसाठी असलेल्या ग्रिनिच हॉस्पिटलकडे गेलं. खाणी चालवण्यात पुढे होती लंडन लेड कंपनी, १६९२ ची सनद असलेली आणि क्वेकर पंथीयांच्या हातातली. १८२० च्या दशकात इथले रस्ते सुधारायचे ठरलं तेव्हा सल्ल्यासाठी बोलावलं जॉन लाउडन मॅकॅडमला. हो, तोच. आपल्याकडे गावाच्या रस्त्याच्या फलकावर ‘डब्ल्यूबीएम’ लिहिलेलं असतं, त्यातला ‘एम’ म्हणजे हा माणूस. बारीक फोडलेली खडी, पाण्याचा नीट निचरा आणि बेताचा चढ, ही त्याची पद्धत.

हार्टसाइडचा मोठा रस्ता त्याच सुधारणेतला. मेल्मर्बी गावापासून माथ्यापर्यंत साधारण ८ किलोमीटर आणि सरासरी चढ ५ टक्क्यांच्या आसपास. लांब, पण एकसारखा. २०१५ च्या ‘टूर ऑफ ब्रिटन’ शर्यतीचा एक टप्पा इथेच संपला होता. आकडा ५ च का, ते बघा. खडीच्या चांगल्या रस्त्यावर सपाटीला गाडी ओढायला तिच्या वजनाच्या अंदाजे तिसाव्या भागाइतका जोर लागतो. ५ टक्के चढावर तो अडीचपट होतो, २० टक्क्यांवर सातपट. घोडा पहिलं सोसतो, दुसरं नाही.

तिसरा चढ: रुळाचा. स्टॅनहोप सोडलं की क्रॉलीसाइडचा चढ लागतो. काही ठिकाणी १५ टक्क्यांच्या वर, पायात गोळे आणणारा. आणि वर पोचल्यावर अचानक वास्करली वे नावाची जवळजवळ सपाट वाट. हा चमत्कार नाही. ती १८३४ मध्ये सुरू झालेल्या स्टॅनहोप अँड टाइन रेल्वेची जागा आहे. लोखंडी रुळावर ओढीचा जोर वजनाच्या दोनशेव्या भागाइतका धरला, तर १ टक्का चढानेही तो तिप्पट होतो. म्हणून रेल्वेला एक तर सपाटी हवी, नाहीतर वेगळी युक्ती. इथे दरीतून वर येताना माथ्यावरच्या वाफेच्या इंजिनाने डबे दोराने ओढून घेतले जात. त्यातलं वेदरहिलचं इंजिन यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमच्या संग्रहात आहे.

इथे थांबायचं का?

तट्टू, गाडी, रेल्वे. छान तीन पायऱ्या, प्रगतीचा आलेख, प्रबंधाचं प्रकरण तयार! नाही. या आलेखात एक जण नाहीच: पायी चालणारा खाणकामगार.

किलहोपच्या खाणीजवळ साधारण १० मीटर व्यासाचं पाणचक्कीचं चाक आजही उभं आहे. त्याच्याजवळच कामगारांची राहायची जागा आहे, तिला ‘माइन शॉप’ म्हणत. लांबच्या वाड्यांवरून माणसं चालत यायची आणि आठवडाभर तिथेच दाटीवाटीने राहायची. खनिज धुवायला लहान मुलं असत. १८४२ च्या बालकामगारांवरच्या सरकारी अहवालात या भागातल्या अशा खोल्यांची वर्णनं आहेत. म्हणजे शिसं नेणं स्वस्त व्हावं म्हणून डोंगर सौम्य केला गेला, तरी माणसाला घर आणि काम यांच्यातलं अंतर रोज पार करता येत नव्हतं. चढाचा टक्का हे सांगत नाही. जे ओझं वाहून पैसा मिळतो, त्याचाच चढ मोजून रस्ता होतो.

रूकहोपजवळ रस्त्याकडेला एक एकटी दगडी कमान आहे. भट्टीचा धूर माळावर दूर नेणारी लांबलचक वाहिनी तिच्यावरून जायची. वाहिनीत शिसं साचायचं आणि ते खरवडायला माणसंच आत जायची. सायकलवरून ती कमान फक्त फोटोसारखी दिसते.

मग पद्धत काय ठेवाल?

आता त्या ‘वाटतो’कडे येऊ. उभा रस्ता दिसला म्हणून तो तट्टूचाच, असं नसतं. शेताची हद्द असेल, नंतर फुटलेली वाट असेल, रस्ता मध्येच वळवलेला असेल. चढ फक्त प्रश्न देतो. उत्तरासाठी तीन गोष्टी लावून बघा. एक, जुने नकाशे: ऑर्डनन्स सर्व्हेचे १९व्या शतकातले नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर घरबसल्या फुकट बघता येतात. दोन, रस्त्यासाठी झालेले कायदे आणि टोलनाक्यांचे कागद. तीन, त्या वाटेने खरंच कोण गेलं याची साक्ष, अहवालातली किंवा हिशेबातली. तिन्ही जुळले तर विधान करा. एकच असेल तर ‘शक्यता’ लिहा, गाइड रागावणार नाहीत.

आणि इंग्लंडला जायची गरज नाही. १८३० मध्ये गाड्यांसाठी खुला झालेला बोरघाट घ्या, शेजारची जुनी पायवाट घ्या. उंचीची आकडेवारी इंटरनेटवर मिळते. दोन्हींचा चढ काढा आणि शेजारी एक तिसरा रकाना ठेवा: या रस्त्याचा खर्च कुणी केला, आणि त्यावरून पायी कोण गेलं? पहिले दोन रकाने एका दुपारी भरतील. तिसऱ्याला वर्षं लागतील, आणि तुमचा पीएच.डी.चा विषय बहुतेक तिथेच असेल.